दोनदा टकटक

"आमच्या घरात माशा शिरल्यात, येता का?" असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट विचारते. "घरात कोणाला माशी चावल्यावर दवाखान्यात न्यावं लागलं होतं का?" लोकांना वाटतं, बाई नसत्या चौकशा करते. करतेच. त्यानंतर बजावते, "मी येईपर्यंत भोकाला हात लावायचा नाही. बोळा नाही, चिखल नाही, काही नाही." तरी कोणी शहाणपणा करून ठेवतोच, मग त्याला माझ्या तोंडाचा पट्टा ऐकावा लागतो.

मी शिंपीण आहे. दिवसभर पाय मशीनवर आणि तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या तरी माझं बोलणं काही थांबत नाही, असं नवरा म्हणतो. माशांचं काम मी सासऱ्यांकडून शिकले. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. कशी शिकले ते सांगायचं तर माझी एक चूक सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते. पण ती वगळली तर माझे सासरे काय माणूस होते ते कळायचंच नाही.

सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते, बत्तीस वर्षं. रस्त्याच्या कडेला त्या करड्या लोखंडी पेट्या असायच्या बघा, आत शेकडो तारा आणि बाहेर गंजलेलं कुलूप. आत अंधार, ऊब, पाऊस लागत नाही, कोणी त्रास द्यायला येत नाही. गांधीलमाशीला याहून चांगलं बिऱ्हाड कोण देणार? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी अशी एक पेटी धाडकन उघडली आणि तोंडावर अकरा डंख खाल्ले. दोन दिवस डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्यांना शिकवलं: पेटी उघडायच्या आधी दोनदा टकटक करायची, बाजूला उभं राहायचं आणि ऐकायचं. आत गप्प असेल तर पेटी तुझी. आतून आवाज आला तर पेटी त्यांची, आधी बोलणी कर.

ते दोनदा टकटक त्यांच्या बोटांत जे बसलं ते बसलंच. टपालाची पेटी, पाण्याच्या मीटरचं झाकण, माळ्यावरचा डबा, पायातला बूट, सगळ्यावर आधी टकटक. बिस्किटांच्या डब्यावरसुद्धा. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीघराच्या दारावर टकटक झाली.

"अहो बाबा, आत मी आहे!" मी ओरडले.

"म्हणूनच विचारलं," बाहेरून शांत आवाज.

आता अशा माणसाला काय म्हणावं?

निवृत्त झाल्यावर आख्ख्या वस्तीत ते 'तारवाले' म्हणून माहीत होते. तारांची गरज सरली, माशांसाठी बोलावणी वाढली. कोणाच्या छपराखाली गांधीलमाशांचं कागदासारखं घरटं, कोणाच्या बाल्कनीत मधमाशांचा घोळका. जायच्या आधी ते हातातलं घड्याळ काढून ठेवत, साबणाच्या वासाने माशा बिथरतात म्हणून नुसत्या पाण्याने हात धूत आणि धुतलेला पांढरा सदरा घालत. हातमोजे कधी नाहीत. तिथे गेले की आधी खुर्ची मागायचे आणि अर्धा तास नुसते बघत बसायचे. घरमालकाला वाटायचं, हा बाबा चहाची वाट बघतोय. लोक रिकामटेकड्या माणसाला म्हणतात ना, माशा मारत बसलाय? आमच्या सासऱ्यांनी मारल्या फार कमी, बघत मात्र आयुष्यभर बसले. भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारमाशी दाखवली की म्हणायचे, "ही कोणाच्या अध्यात ना मध्यात, राहू द्या हिला." गांधीलमाशांचं घरटं दारावरच असलं तर मात्र काढायचे, आणि काढून आल्यावर संध्याकाळभर कोणाशी बोलायचे नाहीत.

मला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा यायचा. इकडे माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला आणि तिकडे हे महाशय पन्हळीकडे तोंड वर करून उभे. माझ्या मुलीलाही नादी लावलेलं. तिला आम्ही मुंगी म्हणतो. सतत चालू आणि सतत काहीतरी उचलून नेणारी, म्हणून मुंगी. आजोबा आणि नात मिळून 'दगड' खेळायचे. माशी अंगावर बसली की दगड व्हायचं. हलायचं नाही, फुंकायचं नाही, डोळे मिटून घ्यायचे. जो आधी हलेल तो हरला. मुंगी तशी क्षणभर बूड टेकणारी नव्हे, पण या खेळात आजोबांनाही हरवायची.

मुंगी चार वर्षांची असताना गवतात अनवाणी पळाली आणि एका मधमाशीवर तिचा पाय पडला. एकच डंख. मी म्हटलं, चुना लावू, रडेल आणि गप्प होईल. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. नवऱ्याने तिला उचलून जी धाव ठोकली ती थेट दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हिला माशीचं विष चालत नाही. पुढचा डंख याहून वाईट असू शकतो. तेव्हा एवढा वेळ मिळेलच असं नाही." पेनासारखं एक इंजेक्शन घरात ठेवायला दिलं. ते मी स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात ठेवलं. दिवसातून दोनदा खण उघडून बघायची, जसं काही त्याला पाय फुटणार होते.

त्या दिवसापासून माशी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कुठलीही माशी. आंब्यावरची चिलटंसुद्धा.

आणि वर्षभरात माशा आल्या त्या नेमक्या मुंगीच्या खोलीत. म्हणजे खोलीत नव्हे, खोलीच्या छतात. आमच्या त्या खोलीला फळ्यांचं छत आहे, त्याच्यावर हातभर पोकळी आणि मग पत्रा. फार पूर्वी सासऱ्यांनी घरात पहिला टेलिफोन आणला तेव्हा बाहेरच्या भिंतीत खिडकीच्या वर स्वतः भोक पाडून तार आत घेतली होती. टेलिफोन कधीच गेला, तार गेली, भोक राहिलं. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले तर त्या भोकातून माशांची ये-जा चाललेली. एक आत, एक बाहेर, अगदी शाळा सुटल्यासारखी.

मुंगीला मी तडक आजोबांच्या खोलीत निजायला हलवलं आणि फवारणीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी येतो. सासरे खुर्ची टाकून भोकाखाली बसले. अर्धा तास. मग आत आले.

"मधमाशा आहेत. गरीब आहेत. सुताराला पेटी सांगतो, रविवारी दिवेलागणीला राणीसकट उचलून माळावर नेऊन ठेवतो. मारायची गरज नाही."

"बाबा, तुमची नात मेली तर चालेल, माशी मरायला नको, असंच ना?"

हे मी बोलले. असंच बोलले. ते एवढंच म्हणाले, "रविवारपर्यंत खोली बंद ठेव. मुंगीला तिकडे सोडू नकोस. आणि त्या भोकाला हात लावू नकोस." नवरा छापखान्यातून संध्याकाळी आला. त्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे मधलं काहीतरी काढलं. बाबांना रविवारपर्यंत मुदत, फवारणीवाल्याला सोमवार. फवारणीवाल्याला मी कळवलंच नाही. म्हटलं, येऊ दे शनिवारी, बघू काय होतं ते.

शुक्रवार उजाडला. सासरे जेवून सुताराकडे पेटी बघायला गेले, नवरा कामावर. मुंगी सकाळपासून पिरपिर करत होती, तिला तिचीच गादी हवी होती. मी शिडीकडे बघितलं. रविवारच्या कामासाठी बाबांनी ती भिंतीला लावून ठेवलेलीच होती. मनात म्हटलं, एवढं काय त्यात? भोक बुजवलं की आतल्या आत कोंडून मरतील. ना फवारा, ना पेटी, ना बोलणी. कॉलरला घालायचं जाड कॅनव्हास असतं, त्याचा हातभर तुकडा नागमोडी कात्रीने कापला, घट्ट गुंडाळला आणि शिडीवर चढून भोकात ठोसला. वरून खिडकीच्या काचेला लावायची पुट्टी चोपडली. दोन माशा हाताभोवती घोंघावल्या, चावल्या मात्र नाहीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, त्या बैलासारखी मी ऐटीत खाली उतरले. मुंगीला म्हटलं, "जा, झोप तुझ्या गादीवर. माशांचा बंदोबस्त केलाय आईने."

माझ्या हातांनी मी तिला तिथे निजवलं. पांघरूण घातलं, दार लोटून घेतलं.

पुढच्या खोलीत येऊन मशीनवर बसले. आठ पँटींच्या कडा शिवायच्या होत्या. मशीन जुनं, धडधडायला लागलं की शेजारी बाँब पडला तरी ऐकू येत नाही. तीन पँटी झाल्या, चौथीला दोरा तुटला. मी पाय उचलला. मशीन थांबलं, पण घरघर थांबली नाही.

आधी वाटलं, माझेच कान वाजतायत. मग आवाज कुठून येतोय ते कळलं. धावत जाऊन दार ढकललं. खोलीचा रंग बदलला होता. छत तपकिरी, पडदे तपकिरी, हवेत दाटी. त्या जुन्या भोकाचं आतलं तोंड पलंगाच्या बरोबर वर, छताच्या कोपऱ्यात होतं. टेलिफोन गेल्यावर तिथे नुसता कागद चिकटवला होता. तो कागद लोंबत होता आणि त्यामागून माशा ओघळत होत्या.

पलंगावर मुंगी उताणी पडली होती. डोळे घट्ट मिटलेले, हात सरळ. मला वाटलं, संपलं सगळं. मग तिची छाती हळूच वर आली. तिच्या दंडावर तीन माशा चालत होत्या, एक ओठाच्या कडेला होती, आणि मुंगी हलत नव्हती. ती दगड झाली होती.

मी किंचाळायला तोंड उघडलं आणि कोणीतरी मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. सासरे. सुताराची रिकामी पेटी दारातच ठेवून आले होते. त्यांनी खोलीत नजर फिरवली, कोपऱ्यातला कागद बघितला, मग माझ्या नखांत भरलेली पुट्टी बघितली. माझ्या कानाशी येऊन बोलले, "शिडी तिथेच आहे ना?"

मी मान हलवली.

"आधी ते पेन इंजेक्शन खिडकीच्या कट्ट्यावर आणून ठेव. मग वर चढ आणि भोक मोकळं कर. त्यांना घरी जायचंय, बाकी काही नको त्यांना. धावू नकोस."

माझं मूल आत आणि हा माणूस मला सांगतोय, धावू नकोस. पण मी धावले नाही. कशी चालले ते माझं मला माहीत. पेन कट्ट्यावर ठेवलं आणि शिडीला पाय लावला.

शिडी खिडकीच्या कडेलाच होती, त्यामुळे चढता चढता मला काचेतून सगळं दिसत होतं. जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सासऱ्यांनी घड्याळ काढलं, चपला काढल्या. आणि मग, खोटं सांगत नाही, उघड्या दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केली. त्या वेळीसुद्धा. आत मुंगीच्या मिटलेल्या डोळ्यांखाली गालाला किंचित खळी पडली. तिला कळलं, आजोबा आले.

त्यांनी दार मागे लावून घेतलं. पलीकडच्या खिडकीचा जाड पडदा इतक्या सावकाश ओढला की पडद्यावरच्या माशासुद्धा जागच्या हलल्या नाहीत. खोली अंधारली. मग माझ्या बाजूची खिडकी पूर्ण उघडली. अंधारातून माशा उजेडाकडे निघाल्या. एक, दहा, मग धारच लागली. माझ्या खांद्यावरून, कानाजवळून, केसांवरून जात होत्या. मी कात्रीच्या टोकाने पुट्टी उकरत होते आणि देवाचं, भुताचं, ज्याचं आठवेल त्याचं नाव घेत होते. चार डंख हातावर बसले. बसू देत म्हटलं. कॅनव्हासचा बोळा बाहेर आला आणि खाली पडला. भोक मोकळं झालं तशा बाहेर गिरक्या घेणाऱ्या माशा रांगेने आत शिरू लागल्या, जसं काही झालंच नाही.

आत सासरे पलंगाशी गुडघ्यांवर बसले होते. मुंगीच्या दंडाला त्यांनी आपली तर्जनी नुसती टेकवली. माशी चालत चालत बोटावर आली. तिला खिडकीपर्यंत नेलं, सोडलं. परत आले. दुसरी. परत आले. तिसरी. ओठावरच्या माशीपुढे त्यांनी बोट धरलं आणि स्वतःचा श्वास रोखला, कारण माशीला माणसाचा श्वास खपत नाही. माशी ओठाच्या कडेने फिरली, थांबली, पुन्हा फिरली. माझा हात शिडीच्या पायरीवर आवळलेला. पोरीचं नाक हुळहुळलं, पण ती हलली नाही. पाच वर्षांची पोर हो! शेवटी माशी बोटावर चढली.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि तेवढ्यात एक माशी मुंगीच्या केसांत अडकली.

केसांतली माशी सर्वांत वाईट. ती गुंतते, घाबरते, आणि घाबरली की चावते. तिचा आवाज बारीक आणि चिडका झाला, तो मला बाहेर ऐकू आला. सासऱ्यांनाही आला. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. उजवा हात पुढे केला, केसांची ती बट माशीसकट तळहातात घेतली आणि मूठ मिटली. माशी त्यांच्या मुठीत मेली. मरताना डंख कुठे मारला असेल ते सांगायला नको.

माशी चिरडली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. बाकीच्या माशांना तो वास म्हणजे बोलावणं, इथे शत्रू आहे, या. हे मला आज माहीत आहे, त्यांना तेव्हाही माहीत होतं. त्यांनी बट सोडली, मेलेली माशी मुठीतच ठेवली आणि दोन पावलांत खिडकीशी येऊन ती मूठ बाहेर धरली. लांब, हात पुरेल तितकी, मुंगीपासून दूर. खोलीत उरलेल्या माशा त्या मुठीवर आल्या. माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर सासऱ्यांचा हात मनगटापर्यंत माशांनी झाकला गेला आणि त्या चावत होत्या. त्यांनी हात हलवला नाही. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते आरडले नाहीत, दात आवळले नाहीत, नुसते डोळे मिटले. आजोबासुद्धा दगड झाले.

"सूनबाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "खोली मोकळी झाली का बघ."

"झाली, बाबा."

"मग ये आणि तिला घेऊन जा. हळू."

मुंगीला मी कुशीत घेतलं तेव्हा तिने एकच डोळा उघडला. "आई, मी जिंकले ना?"

माझा बांध फुटला. तिला नखशिखांत तपासलं, केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. एकसुद्धा डंख नव्हता. माझ्या आयुष्यात मी चमत्कार वगैरे मानत नाही, पण त्या दिवशी त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावं असं वाटलं. पडले मात्र नाही. कारण पडले असते तर का पडले ते सांगावं लागलं असतं.

नवरा आला तोवर सासऱ्यांचा हात पावासारखा फुगला होता. समोरच्या काकू बर्फ घेऊन आल्या होत्या, एकेक काटा नखाने खरवडून काढत होत्या. एकेचाळीस निघाले. नवऱ्याने सगळं ऐकलं, बाहेर गेला आणि शिडीखालून तो बोळा उचलून आणला. "हे भोक कोणी बुजवलं?"

बोळा उलगडला होता. कॅनव्हासची नागमोडी कड स्पष्ट दिसत होती. तशी कात्री आख्ख्या गल्लीत माझ्या एकटीकडे आहे. पण पुरुषाला काय कळतंय कापलेल्या कडेतलं? सासऱ्यांना मात्र कळत होतं. माझ्या मशीनशेजारी बसून कितीदा त्यांनी तुकडे गोळा केले होते. त्यांनी डावा हात पुढे करून तो बोळा नवऱ्याकडून घेतला आणि खिशात टाकला.

"मी," ते म्हणाले. "मला वाटलं, रविवारपर्यंत तेवढंच बरं."

"तुम्ही? बाबा, तुम्ही? हे भोक तुम्ही स्वतः पाडलंय! आत कुठे निघतं ते तुम्हाला माहीत नाही?"

"वय झालं. विसरलो."

नवरा मग जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. बापाला असं बोलू नये. यापुढे माशांना हात लावायचा नाही, कोणाच्या घरी जायचं नाही, मुंगीला ते खेळ शिकवायचे नाहीत. काकूंचे कान टवकारलेले. तासाभरात गल्लीभर झालं, तारवाल्यांचं डोकं फिरलंय, स्वतःच्या नातीला मारायला निघाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि चोर काय करत होता? एरवी जिचं तोंड बंद होत नाही ती मी मूग गिळून बसले होते. माझी हिंमतच झाली नाही. पोटची पोर मी स्वतः माशांच्या तोंडी दिली, हे नवऱ्याच्या डोळ्यांत बघून कसं सांगायचं?

शनिवारी सकाळी फवारणीवाला पाठीवर टाकी अडकवून हजर. सासरे अंगणात खुर्चीवर बसले होते, उजवा हात उशीवर. बाजूला सुताराने केलेली ती पेटी. फवारणीवाला त्यांना वर्षानुवर्षं ओळखायचा, मनातून मानायचासुद्धा. शिडीला हात घालत म्हणाला, "काय तारवाले, भोक बुजवलंत? अहो, हे तर आम्हीसुद्धा करत नाही पहिल्या वर्षात!" आणि हसला. नवराही ओशाळं हसला. काकू हसल्या.

सासऱ्यांनी मान खाली घातली. त्या अकरा डंखांनंतर ज्या माणसाने पेटीला विचारल्याशिवाय पेटी उघडली नाही, त्याने. त्यांच्या खिशातून कॅनव्हासची नागमोडी कड जराशी बाहेर आली होती. त्यांनी ती डाव्या हाताने आत सारली, कोणी बघू नये म्हणून.

ते मी बघितलं आणि मला राहवेना.

"मी बुजवलं!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. "त्यांनी नाही, मी! माझ्या कात्रीने कापलं, माझ्या हाताने ठोसलं, वर पोरीला तिथे मीच निजवलं. काढा तो तुकडा खिशातून, बाबा! कड बघा म्हणावं सगळ्यांना! यांनी वाचवलं तिला, आणि मी... मी यांना तुमच्या शिव्या खाऊ दिल्या."

आधी नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांच्या सुजलेल्या हाताकडे, आणि मग तो चालत जाऊन त्यांच्या खुर्चीशी खाली मातीत बसला. फवारणीवाल्याने टाकीचे पट्टे सोडवले आणि टाकी जमिनीवर ठेवली.

सासऱ्यांनी वर भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हळू बोल गं," ते म्हणाले. "त्यांना मोठा आवाज खपत नाही."

रविवारी दिवेलागणीला पेटी खोलीत ठेवली. मुंगी आणि तिचा बाप तीन घरं सोडून काकूंच्या भावाकडे, इंजेक्शन खिशात. प्रश्न एकच उरला होता, सासऱ्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. फळी काढायची, पोळं कापायचं, पेटीतल्या लाकडी चौकटीत बसवून दोऱ्याने बांधायचं, हे सगळं कोण करणार?

"दोरा कोणाचा चांगला बांधला जातो आपल्या घरात?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मला नाही जमायचं. मला भीती वाटते."

"वाटू दे. भीती वाटणारा माणूस घाई करत नसेल तर त्याच्याइतका चांगला कामगार नाही. घड्याळ काढ. साबण लावलास का हाताला?"

"नाही."

मी स्टुलावर चढले. ते खाली, डावा हात माझ्या पाठीला टेकवून उभे. फळीच्या पलीकडे तो आवाज, परवाचाच. मी फळीच्या खिळ्याला पक्कड लावायला गेले.

"अंहं," ते म्हणाले. "काहीतरी विसरलीस."

मी पक्कड खाली केली. बोटं वळवली आणि फळीवर दोनदा टकटक केली. आतला आवाज एकदम चढला, हजारो जणींनी एकत्र श्वास घेतल्यासारखा, आणि मग हळूहळू उतरला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, का ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"ऐकलंस?" सासरे म्हणाले. "आता उघड."